बेचकीच्या हाडाची कुळकथा

कोंबडीच्या रश्शात छातीच्या तुकड्याबरोबर बेचकीसारखं एक बारीक हाड येतं. गळ्याखालची दोन हाडं जुळून ते झालेलं असतं. या एवढ्याशा हाडाने पक्ष्यांचं कूळ निदान चार दशकं चुकीच्या घरात नेऊन ठेवलं, हे वाचल्यापासून मला ते ताटाच्या कडेला सारवत नाही.

1861 मध्ये आर्किओप्टेरिक्स हा पिसांचा जीवाश्म जगापुढे आला आणि पक्षी डायनासोरांचे सोयरे असल्याचं इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलेने 1868 मध्येच मांडलं. पुढे डेन्मार्कचा चित्रकार गेऱ्हार्ड हाइलमान याने हाडाला हाड लावून पाहिलं. मांसाहारी डायनासोरांशी जवळजवळ सगळं जुळलं, पण त्यांच्यात गळ्याखालची हाडंच दिसेनात. वंशातून एकदा गेलेला अवयव परत येत नाही, या नियमावर बोट ठेवून त्याने 1926 च्या ग्रंथात डायनासोरांना बाद केलं आणि पक्ष्यांचा पूर्वज त्यांच्याहून जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांत शोधला. पुराव्याशी इतका प्रामाणिक राहून इतका चुकलेला दुसरा अभ्यासक मला माहीत नाही.

कारण ते हाड तेव्हा सापडलेलं होतं! 1923 मध्ये गोबीच्या वाळवंटात अंड्यांपाशी एक डायनासोर मिळाला. न्यूयॉर्कच्या ऑस्बॉर्नने 1924 मध्ये त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, आणि त्याची बेचकी छातीचं भलतंच हाड म्हणून नोंदवली. एकाच सांगाड्यावर दोन अन्याय. मंगोलियाच्या बार्सबोल्ड यांनी 1983 मध्ये बेचकी ओळखली. 1990 च्या दशकात तशाच अंड्यात त्याच्याच कुळातला गर्भ मिळाला आणि चोरीचा आळही गेला. तोवर अमेरिकेच्या ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासलेल्या डायनोनिकस या डायनासोराने वारं पुन्हा डायनासोरांच्या बाजूने फिरवलं होतं. चीनमधले पिसांचे डायनासोर नंतरचे.

पण न उडणाऱ्याला बेचकी कशाला? 1988 मध्ये उडत्या साळुंकीवर्गीय पक्ष्याचं क्ष-किरण चित्रण झालं. पंख खाली येताना बेचकी फाकते, वर जाताना मिटते. म्हणून ती स्प्रिंग, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. काही पोपटांत ही बेचकी पुरती जुळलेली नसते, तरी ते झकास उडतात. आणि टी. रेक्सलाही ती होती! माझ्या मते भक्ष्य धरणाऱ्या हातांना आधाराची तुळई म्हणून ती आधी आली. लवचीकपणा पंखांनी नंतर मिळवला. कोंबडीचं ताजं हाड चिमटीत लवतं. आर्किओप्टेरिक्सचं मात्र बूमरँगसारखं जाडजूड आहे, ते तसं लवत असेल असं मला वाटत नाही.