चाळणीखालचं मँगनीज

मंडळी, नागपूरहून रामटेककडे निघालो की वाटेत मनसर लागतं. तिथल्या मँगनीजचा इतिहास आपण नेहमी कंपन्यांच्या नावांनी सांगतो. १८९६ची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, पुढे तिचीच सी. पी. मँगनीज ओअर कंपनी झाली आणि १९६२ मध्ये मॉयल आली. आज हाच इतिहास आपण चाळणीच्या बाजूने पाहू.

सुरुवातीच्या काळात दगड हातोडीने फोडायचा, निवडायचा, चाळायचा आणि चट्टे लावून मोजायचा. या कामात बायका मोठ्या संख्येने होत्या. माल जहाजाने परदेशी जायचा. भाडं वजनावर, त्यामुळे उत्तम प्रतीचे ढेलेच पाठवायला परवडत. शिवाय झोतभट्टीला चुरी सोसत नाही. ढेल्यांमधल्या फटींतून वायू वर चढतो आणि चुरीने त्या फटीच बुजतात. म्हणजे चाळणीवर राहिलं ते खनिज, खाली पडला तो कचरा. दोन्ही एकाच दगडातले, बरं का!

मग चुरी धुऊन का घेतली नाही? पाण्याच्या हेलकाव्याने जड-हलकं वेगळं करणारं जिग नावाचं यंत्र तेव्हाही होतं. मँगनीजचं खनिज गारगोटीच्या दीडपटीहून जड असतं. पण गोम अशी, की गारगोटीचा मोठा कण आणि मँगनीजचा लहान कण पाण्यात एकाच वेगाने बसू शकतात. म्हणून आधी आकाराने चाळायचं, मग वजनाने निवडायचं. एवढा खटाटोप तेव्हा कोण करणार? ढेले तर भरपूर होते.

कोळशाचंही तसंच. ढेल्यांना भाव, चुरी स्वस्त. आणि आज? कोराडीसारख्या वीजकेंद्रांत कोळसा मुद्दाम दळतात. अशा बॉयलरसाठी साधारण ७० टक्के पूड ७४ मायक्रॉनच्या चाळणीतून जावी लागते. मँगनीजची चुरीही आता भाजून, गोळे करून भट्टीत घालता येते. आपल्या हिंगण्यात भारतीय खाण ब्युरोची प्रयोगशाळा आहे, तिथे कमी प्रतीच्या खनिजांवर हेच प्रयोग चालतात.

तेव्हा जुन्या खाणीजवळचा ढिगारा दिसला, की आपण एवढं विचारू या : याला कचरा कुणी ठरवलं, आणि कोणत्या काळच्या चाळणीने? कारण चट्टा मोजला गेला तो ढेल्यांचा. चुरीमागेही हात राबलेच होते.