बसच्या तीन पायऱ्या

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे आधी कापडातून आला. सत्तरच्या दशकात लग्नाला जावं तर निम्मा मांडव सफारी सूटमध्ये असायचा. पुढे सफारी नावाच्या बॅगा आल्या आणि १९९८ साली टाटांची सफारी नावाची गाडी आली. मी पिंपळे गुरवला राहतो. पवना ओलांडली की टाटांचा पिंपरीचा कारखाना फार दूर नाही, त्यामुळे त्या गाडीचं आमच्या भागात जरा जास्तच कौतुक झालं. पण हा शब्द मुळात कापडाचाही नाही आणि गाडीचाही नाही. अरबीत ‘सफर’ म्हणजे प्रवास. हाच शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला आणि फारसीच्या वाटेने मराठीत ‘सफर’ म्हणून रुळला. सफर आणि सफारी या एकाच घरातल्या दोन बहिणी म्हणायच्या.

श्रोतेहो, आज मला या सफरीबद्दल बोलायचं आहे. माणूस हौसेने प्राणी पाहायला कसा जात आला, आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या हौसेत केव्हा जागा मिळाली, केव्हा मिळाली नाही, याचा हा छोटासा इतिहास आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांचा मोठा षोक. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. त्यात सिंह होता, गेंडा होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काढलेली त्याची चित्रं आजही जपलेली आहेत. त्या काळात थोर माणूस प्राणी पाहायला निघाला, की पालखीत, मेण्यात किंवा अंबारीत बसून निघायचा. ‘दोन पायांवर चालत या, नाहीतर गेंडा दिसणार नाही’ असं त्याला कोणी म्हणत नसे. डोंगरावरच्या देवाला म्हाताऱ्यांना डोलीतून नेण्याची रीतही आपल्याकडे जुनीच. बसलेल्या माणसाला बसल्या जागी पुढे न्यायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त ती सोय कोणासाठी करायची, हा प्रश्न प्रत्येक काळात वेगळ्या तऱ्हेने सुटला.

इंग्रजी अमलात सार्वजनिक बागा आल्या. मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. पुण्यात स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली पेशवे पार्क झालं आणि १९५६ साली तिथे फुलराणी धावू लागली. माझ्या पिढीने पहिला वाघ तिथेच पाहिला. ते पिंजरे आज आठवले की वाईट वाटतं. एवढीशी जागा, आणि त्यात येरझाऱ्या घालणारं ते जनावर. मात्र त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट आपोआप घडत होती. पिंजरे एका ओळीत असत आणि समोरून वाट जात असे. वाट सपाट असली, की चालणारा, कडेवरचा आणि खुर्चीतला, तिघंही एकाच वाघासमोर येऊन थांबत.

प्राण्यांचे हाल संपावेत म्हणून जगभर पद्धत बदलत गेली. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने १९०७ साली गजांच्या जागी खंदक खोदून प्राणी मोकळ्यावर ठेवले. इंग्लंडमध्ये लाँगलीट इथे १९६६ साली त्याच्याही पुढची पायरी गाठली गेली. सिंह मोकळे सोडले आणि माणसं मोटारीच्या काचा वर करून त्यांच्यामधून जाऊ लागली. सत्तरच्या दशकात मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सिंहांची सफारी सुरू झाली, पुढे वाघांचीही. पुण्यात १९९९ साली पेशवे पार्कातले प्राणी कात्रजच्या ऐसपैस जागेत गेले. अलीकडे, २६ जानेवारी २०२१ रोजी, नागपूरजवळ गोरेवाड्याची सफारी सुरू झाली. प्राणी पिंजऱ्याबाहेर आला आणि माणूस जाळीच्या बसमध्ये जाऊन बसला. झालं ते फार चांगलं झालं. पण या अदलाबदलीत खुर्चीतला माणूस बाहेर राहून गेला, कारण आता वाघ आणि त्याच्यामध्ये बस आली, आणि बसला पायऱ्या आल्या.

इथे थोडं घरचं सांगतो. माझ्या पत्नीला संधिवाताने गाठलं त्याला बरीच वर्षं झाली. घराबाहेर पडायचं तर खुर्ची लागते. एकदा नातवंडांना घेऊन आम्ही अशाच एका सफारीला गेलो. तिकिटं काढली, रांगेत उभे राहिलो, बस आली. बसच्या दाराला तीन उंच पायऱ्या. कर्मचारी मुलगा मनाने चांगला होता. म्हणाला, “काकू, काळजी करू नका. आम्ही चौघं मिळून उचलून ठेवतो.” ती म्हणाली, “बाळा, मी काय गॅसचा सिलिंडर आहे?” सगळे हसले, तीही हसली आणि सावलीत जाऊन बसली. पाऊण तासाने आम्ही परतलो, तेव्हा तिच्या मांडीवर तीन-चार कुटुंबांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. ‘आजी इथेच आहेत ना, मग लक्ष ठेवतील,’ असं म्हणून लोक ठेवून गेले होते. कोणी वाईट वागलं नाही. पण नातवाने वाघ पाहिला तो आजीशिवाय, आणि आजीने दिवसभरात पाहिल्या त्या पिशव्या.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे असं काही झालं की हे असंच का, याच्या मागे लागण्याची मला खोड आहे. त्या दिवशी बसमध्ये बसल्याबसल्या एक गोष्ट लक्षात आली. सफारीत सगळेच बसलेले असतात. सिंहाच्या आवारात कोणी उतरत नाही, उतरू देतही नाहीत. पाऊण तास पायांचं काही कामच नसतं. चाळीस माणसं चाकांवरच्या खुर्च्यांवर बसून फिरत असतात. पाय लागतात ते फक्त आरंभी तीन पायऱ्यांना आणि शेवटी तीन पायऱ्यांना. एवढ्या सहा पावलांसाठी एका माणसाला बाहेर ठेवायचं का, हा खरा प्रश्न आहे.

मग पायऱ्या इतक्या उंच का? आपल्याकडे बस बहुधा ट्रकच्या सांगाड्यावर बांधली गेली. ट्रकला खडी, वाळू, पोती वाहायची असतात, म्हणून त्याचा सांगाडा उंच. त्याच्यावर बाकं ठोकली आणि दाराला पायऱ्या लावल्या की झाली बस. जंगलातली उघडी जिप्सी तर याहून अवघड. तिच्यात धडधाकट माणूसही कुठेतरी पाय अडकवून, हाताने ओढून घेत चढतो. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. गाडीचा आराखडा काढताना कोण कोण बसणार याची यादी अपुरी होती, एवढंच.

ही यादी पुरी करायला इतर देशांत लोकांना रस्त्यावर यावं लागलं. अमेरिकेत डेन्व्हर शहरात जुलै १९७८ मध्ये एकोणीस अपंग व्यक्तींनी भर चौकात आपल्या खुर्च्या बसगाड्यांच्या पुढेमागे लावल्या आणि रात्रभर त्या अडवून धरल्या. मागणी एकच, आम्हालाही बसमध्ये चढता आलं पाहिजे. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये आंदोलकांनी खुर्च्या, कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढून दाखवल्या. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. जानेवारी १९९३नंतर लोकांसाठी जे नवं उभारलं जाईल, ते खुर्चीतल्या माणसालाही वापरता आलं पाहिजे, असं बंधन आलं.

याचा परिणाम थेट सफारीवर दिसतो. फ्लोरिडात डिस्नेचं ‘ॲनिमल किंगडम’ हे प्राण्यांचं मनोरंजन उद्यान २२ एप्रिल १९९८ रोजी उघडलं. म्हणजे आमच्या पिंपरीची सफारी आली त्याच साली! तिथे उघड्या ट्रकमधून जिराफ, हत्ती, सिंह दाखवत फिरवतात. त्या सफरीत माणूस आपल्या खुर्चीतच बसून राहू शकतो. त्याच्यासाठी चढण्याची वेगळी जागा आहे आणि गाडीत खुर्ची उभी करण्याची सोय आहे. यात जादू काही नाही. फलाट गाडीच्या जमिनीइतका उंच करायचा, खुर्ची सरळ आत न्यायची, आणि गाडी हलताना ती सरकू नये म्हणून पट्ट्यांनी जमिनीशी बांधायची. रेल्वेचा फलाट आणि मालाचा धक्का ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

आपल्या देशात हा विचार कायद्यात आला तो १९९५ साली. अपंग व्यक्तींसाठी झालेल्या त्या कायद्यात रस्ते, इमारती, वाहनं यांचा उल्लेख होता. पण जे काही करायचं, ते सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तेवढं. ही कुवत बहुतेकदा खुर्ची दाराशी आली की संपायची. जानेवारी २००१ मध्ये थोर शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत परिषद झाली, मग ते दिल्लीला गेले. अपंगांच्या चळवळीचे नेते जावेद अबिदी यांनी आवाज उठवला आणि कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी पाहता पाहता लाकडी उतार टाकले गेले. शेकडो वर्षं जे जमलं नाही, ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत जमलं. मग जमत नव्हतं ते नेमकं काय होतं?

पुढे २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या कराराला मान्यता दिली. त्याच्या तिसाव्या कलमात करमणूक, पर्यटन आणि खेळ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. आजारी माणसाला दवाखान्यात नेलं पाहिजे हे सगळ्यांना पटतं. त्याला वाघ पाहायला नेलं पाहिजे हे पटत नाही. ‘एवढं काय अडलंय?’ असं म्हणतात. हौस ही हक्कात मोडते, हे त्या कराराने लिहून ठेवलं. २०१६ साली आपला नवा कायदा झाला आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला पाच वर्षांची मुदत ठरली. ती मुदत उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या हव्यात.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. ‘सफारीत धोका असतो. गाडी बंद पडली तर खुर्चीतल्या माणसाला कसं काढणार?’ प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तरही आहे. सिंहाच्या आवारात गाडी बंद पडली तर कोणालाच खाली उतरवत नाहीत. धावता येणारा आणि न येणारा, दोघंही गाडीतच थांबतात आणि मदत गाडीपाशी येते. ओढून नेण्याची सोय, दुसरी गाडी, बिनतारी संदेशयंत्रणा हे सगळं चाळीस जणांसाठी लागतंच. ते एक्केचाळिसाव्यालाही पुरतं.

आणि हे आम्ही पिंपरी-चिंचवडकरांनी तरी अवघड म्हणू नये. आमच्या भागात गाड्या बनतात. मुळेपलीकडे खडकीला, मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथले जवान चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहायला उतरले आणि पन्नास मीटरमध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पहिलं. पुढे त्यांनी नोकरी केली ती टेल्कोत. तेव्हा खुर्चीतला माणूस म्हणजे एका कोपऱ्यात बसवायचा माणूस, असं या परिसरात तरी कोणी समजू नये.

सपाट चढण्याची युक्तीही आमच्या दारात येऊन गेली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सांगवी ते किवळे हा बीआरटी मार्ग सुरू झाला. त्याचे थांबे बसच्या जमिनीइतके उंच बांधले आहेत. चालकाने बस थांब्याला नीट चिकटवून उभी केली, तर पायरी हा प्रकारच उरत नाही. शहराच्या बससाठी जे बांधता आलं, ते सफारीच्या बससाठी बांधणं उलट सोपं आहे. तिथे चढण्याची जागा एकच, उतरण्याची एकच आणि गाड्या मोजक्या.

पिंपळे गुरवला आमच्याकडे राजमाता जिजाऊ उद्यान आहे. त्यातल्या मोठमोठ्या पुतळ्यांमुळे मुलं त्याला डायनोसॉरची बागच म्हणतात. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. माणसं बागेत का जातात ते अशा वेळी दिसतं. डायनोसॉर हे निमित्त असतं. ‘आजी, तो बघ केवढा!’ असं म्हणताना आजी शेजारी असावी लागते.

राज्यात पुढेही सफाऱ्या होतील, जुन्या बस मोडीत निघून नव्या घेतल्या जातील. त्या वेळी अपंगांसाठी वेगळा दिवस किंवा वेगळा पास नको. निविदेत दोन ओळी लिहा. चढण्याचा फलाट बसच्या जमिनीइतका उंच असावा आणि त्यावर जाण्याचा उतार एका फुटाला बारा फूट असावा. प्रत्येक बसमध्ये दोन आसनं काढता येतील अशी असावीत आणि तिथे खुर्ची बांधण्याची सोय असावी. आराखडा कागदावर असतानाच हे लिहिलं तर खर्च थोडा येतो. गाडी बनल्यावर पायरी तोडायची म्हटलं, की मग कुवतीचा प्रश्न निघतो.