वडाळ्याला छापलेली गाणी

बोरिवलीहून गोराई गावात जायचं तर खाडी ओलांडावी लागते. बोटीत बाइक चढवायची आणि काही मिनिटांत पलीकडे उतरायचं. शहर तेवढ्यात मागे पडतं. पलीकडच्या गावठाणात ईस्ट इंडियन आणि कोळी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्वतःहून घेतलं. त्यांच्याकडे लग्नाआधी ‘उमराचं पाणी’ आणायची पद्धत आहे. वऱ्हाड बँडच्या तालावर विहिरीवर जातं, बायका गातात. गाणी मराठीच, पण पुस्तकातली नव्हे, घरच्या बोलीतली. विहिणीचं नाव, नवऱ्या मुलाची खोड, असं काहीबाही त्यात ऐन वेळी घुसवलं जातं.

आता तिथं दहा-बारा मोबाइल वर होतात. रात्री स्टेटस पडतं आणि चोवीस तासांनी ते जातं.

आपल्याकडे लोकांची गाणी रेकॉर्ड करणं नवं नाही. याच मुंबईत, वडाळ्याला, नव्वद वर्षांपूर्वी एक कंपनी हे काम करत होती. तिने दहा हजारांहून जास्त गाणी आणि इतर मुद्रणं बाजारात आणली. आज त्यांतली बहुतेक ऐकायला मिळत नाहीत. असं का झालं, ते बघण्यासारखं आहे.

कंपनीचं नाव लांबलचक होतं: नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. लोक तिला ओळखत ते तबकडीवरच्या नावाने, ‘यंग इंडिया’. १९३५ ते १९५५ हा तिचा काळ. हे नाव तेव्हा कुणालाही गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकाची आठवण करून देणारं होतं. गंमत अशी की खुद्द गांधीजींचा आवाज १९३१ मध्ये लंडनला रेकॉर्ड झाला तो कोलंबिया या विलायती कंपनीसाठी.

तेव्हा रेकॉर्डचा धंदा बहुतांशी विलायती कंपन्यांच्याच हातात होता. १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचा आवाज मुद्रित केला. सुरुवातीला भारतात गायलेलं गाणं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचं, तिथं त्याच्या तबकड्या निघायच्या आणि मग त्या बोटीने परत यायच्या. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदाहला कारखाना काढला आणि पुढे तो डमडमला नेला. कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्ही हीच. इतर लहान लेबलंही तिच्याच कारखान्यातून तबकड्या छापून घ्यायची. म्हणजे स्पर्धकाचं गाणं बाजारात येणार की नाही हेसुद्धा बऱ्याच अंशी डमडमच्या हातात होतं.

यंग इंडियाचं वेगळेपण इथं आहे. तिने स्वतःचा छापखाना उभारला. छापखानाच म्हणायचा, कारण तबकडी खरोखर छापली जाते. गाणारा मायक्रोफोनपुढे गातो आणि सुई मेणाच्या जाड चकतीवर खाचा कोरते. त्या मेणावरून धातूचा साचा घेतात आणि तापवून मऊ केलेल्या मसाल्यावर तो दाबतात. मसाला म्हणजे लाख, दगडाची पूड आणि काजळी. लाख आपल्याच छोटा नागपूरकडच्या जंगलांतली. ती सगळ्या जगाला जायची आणि तिच्यावर जगभरची गाणी उमटायची.

मेणाची एक अट होती. त्यावर कोरलेलं वाजवून बघता येत नसे, कारण वाजवलं की खाच बिघडायची. चूक झाली तर नवं मेण आणि नवा खर्च. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मावायचं साधारण तीन मिनिटांचंच गाणं. स्टुडिओत वावरलेल्या गवयाला याची सवय होती. पण जी बाई जात्यावर पहाटभर ओव्या गाते किंवा जो शाहीर गावच्या चावडीवर रात्रभर पोवाडा रंगवतो, त्याला तीन मिनिटांत काय सांगायचं? लोकगीताची पहिली काटछाट याच घड्याळाने केली. आज गाणं रीलच्या तीस सेकंदांत बसवतात म्हणून आपण कुरकुरतो. ती खोड जुनीच आहे.

यंग इंडियाला निखळ लोकसंगीताची कंपनी म्हणता येणार नाही. तिच्या यादीत सिनेमाची गाणी होती, शास्त्रीय गायन होतं, शैक्षणिक रेकॉर्ड होत्या आणि लोकगीतंही होती. पण नावाजलेले गायक मोठ्या कंपन्यांशी बांधलेले, म्हणून हिच्या वाट्याला बरेचसे आले ते हौशी, नवखे, पुढे फारसे न गाजलेले गळे. धंद्याच्या दृष्टीने ही कमजोरी होती. इतिहासाच्या दृष्टीने मला तीच तिची सर्वांत मोठी कमाई वाटते. गाजलेल्यांचे आवाज कुणी ना कुणी जपतंच. चाळीतल्या एखाद्या गाणाऱ्याला आयुष्यात एकदा मायक्रोफोन मिळाला असेल, तर तो अशाच ठिकाणी.

१९५५ च्या सुमाराला हे सगळं थांबलं. आणि तेव्हाच थांबल्यामुळे एक मोठं नुकसान झालं. पुढच्या काही वर्षांत भारतात एलपी आल्या, मग कॅसेटी, मग सीडी. प्रत्येक वेळी मोठ्या कंपनीने आपला जुना माल नव्या रूपात पुन्हा विकला. यंग इंडियाचा माल पुढे नेणारं मागे कुणी उरलं नव्हतं. तिच्या तबकड्या लाखेच्याच राहिल्या. लाख ठिसूळ, हातातून पडली की तुकडे. घर बदलताना लोकांनी आधी ग्रामोफोन मोडीत काढला आणि त्यामागून जड तबकड्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले.

साधारण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये एक माणूस नेमकं उलटं करत होता. मोझेस ॲश. वॉर्सात जन्मलेला, यिडिश कादंबरीकार शोलेम ॲश यांचा मुलगा. आधी काढलेली रेकॉर्डची कंपनी त्याने बुडवून घेतली होती. १९४८ मध्ये त्याने ‘फोकवेज’ काढली, तीही लहानशीच. खाणकामगारांची गाणी, जगभरच्या गावांतलं संगीत, बेडकांचे आवाज, जे मिळेल ते तो छापायचा. एकेक रेकॉर्ड थोड्याच प्रती काढून विकायचा, पण यादीतून काहीच गाळायचा नाही. वर्षाला चार-दोन प्रती खपणारी रेकॉर्डसुद्धा मागितली की मिळायची. १९८६ मध्ये तो गेला तेव्हा दोन हजारांहून जास्त आल्बम मागे होते. १९८७ मध्ये स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेने ते घेतले आणि एक बोली पाळायचं कबूल केलं: सगळे आल्बम कायम उपलब्ध राहतील. ते आजही तसेच आहेत.

फोकवेजचे दोनेक हजार आल्बम, यंग इंडियाची दहा हजार मुद्रणं. एक संग्रह एका क्लिकवर आहे, दुसरा चोरबाजारात शोधावा लागतो. दोन्ही कंपन्या लहान, दोन्हींना पैशांची चणचण. ॲशच्या मागे एक संस्था उभी राहिली, एवढाच फरक. आपल्याकडे तशी संस्था वेळेवर नव्हती. पुण्यात १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने लोकसंगीताच्या मुद्रणांसाठी संग्रह-केंद्र सुरू केलं, जे आता गुरुग्रामला आहे. पण तोवर यंग इंडिया बंद पडून पाव शतक उलटलं होतं.

मग तिच्या तबकड्या वाचवल्या कुणी? छंदिष्टांनी. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मंडळी एकत्र आली. तिचे सचिव सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. ही माणसं सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात उकिडवी बसून धुळीतल्या तबकड्या चाळायची, घरी नेऊन धुवायची, नंबर लिहून ठेवायची. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज’ या योजनेतून त्यांनी यंग इंडियाच्या तबकड्यांचं डिजिटल मुद्रण केलं. गाण्यांबरोबर तबकडीवरचे कागदी लेबल, कंपनीच्या याद्या आणि जाहिरातीही जपल्या. अर्थात जे हाती लागलं त्याचंच. दहा हजारांतला तो लहान हिस्सा.

वडाळ्याला स्वदेशी म्हणून छापलेल्या गाण्यांना शेवटी आसरा दिला लंडनने. यात कुणाला टोमणा दिसला तर माझी हरकत नाही. पण लंडनही कायमची तिजोरी नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या कितीतरी ऑनलाइन सेवा अनेक महिने बंद पडल्या.

गोराईच्या किनाऱ्यावरची गाणी या गोष्टीत कुठे बसतात? शहराच्या कानात ‘कोळीगीत’ म्हणून जे बसलं ते बहुतेक स्टुडिओत घडलेलं. ‘मी डोलकर’ शांता शेळके यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार गायले. गाणं सुंदरच आहे, पण ते कुठल्या कोळीवाड्यातून आलेलं नव्हे. कोळीवाड्यातली माणसं स्वतःच्या आवाजात घराघरांत पोचली ती कॅसेटमुळे. कॅसेटच्या प्रती काढायला कारखाना लागत नसे, एका खोलीत चार यंत्रं मांडली की काम व्हायचं. ऐंशीच्या दशकात देशभर अशी छोटी लेबलं उगवली आणि एचएमव्हीची सद्दी संपली. याच किनाऱ्यावर गोराईच्या दक्षिणेला वेसावे. तिथले ‘वेसावकर आणि मंडळी’ ‘वेसावची पारू’ घेऊन आले आणि मुंबईतल्या हळदी बदलून गेल्या. तुमच्यापैकी अनेकांनी त्या गाण्यावर नाचून घेतलं असेल.

त्या कॅसेटींचं आज तेच चाललंय जे तबकड्यांचं झालं. गाजलेली गाणी यूट्यूबवर आहेत. न गाजलेल्या कॅसेटी माळ्यावर आहेत आणि मुंबईच्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. ज्या लेबलांनी त्या काढल्या त्यांतली अनेक विस्मरणात गेली, आणि मूळ फिती कुठे असतील याचा माग लावणं दरवर्षी कठीण होतं.

माळ्यावर अशी कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नका. बुरशी धरलेली फीत प्लेअरमध्ये अडकून तुटते. आधी उजेडात धरून बघा, पांढरे ठिपके दिसले तर जाणकाराकडे द्या. कव्हर मात्र त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. गायकाचं, ढोलकीवाल्याचं, गावाचं नाव बहुधा तिथंच असतं, बारीक अक्षरात. आणि पुढच्या वेळी विहिरीवरचं गाणं फोनमध्ये घ्याल तेव्हा शेवटी, फोन बंद करण्याआधी, जी म्हातारी गात होती तिला तिचं नाव आणि माहेर विचारा. तिच्याच आवाजात येऊ द्या.