मेकाँगच्या मुखांपासून सायगॉनपर्यंत

व्हिएतनामच्या दक्षिणेस मेकाँग नदी अनेक मुखांनीं समुद्रास मिळते. तेथील कान थो शहराहून सकाळीं निघालेली दहा-बारा प्रवाशांची तुकडी आज दुपारच्या सुमारास हो चि मिन्ह शहर, म्हणजे पूर्वींचें सायगॉन, गांठते. वाटेंत हाउ आणि तिएन या नदीच्या दोन विशाल शाखा पुलांवरून कांहीं मिनिटांत मागें पडतात.

फ्रेंचांनीं १८८५ सालीं सायगॉन ते मी थो हा सुमारें ७० किलोमीटरांचा लोहमार्ग सुरू केला. इंडोचीनमधील तो पहिलाच. पण तिएनच्या उत्तर तीरावर तो जो थांबला, तो पलीकडे गेलाच नाहीं. १९५८ सालीं तो बंदहि झाला. आगगाडीच्या काळांतहि भात बव्हंशीं कालव्यांतून पडावांनींच चोलॉनच्या गिरण्यांकडे जाई. दारांत पाणी असतां आगगाडीस कोण विचारतो!

मोटारींना नदी ओलांडण्यास फेरीबोटींवांचून गति नव्हती. सणासुदीस तीरावर तासन्‌तास रांगा लागत, आणि त्या रांगांवर फळें व खाद्यपदार्थ विकणाऱ्या कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चाले. तिएनवरील मी थुआन पूल २००० सालीं खुला झाला. हाउवरील पुलानें मात्र मनुष्यबळी घेतले. २६ सप्टेंबर २००७ रोजीं बांधकाम चालू असतां त्याचा एक भाग कोसळून पन्नासांहून अधिक माणसें मृत्यू पावलीं. तात्पुरत्या आधारांचा पाया मऊ गाळांत असमान खचला, असें चौकशींत ठरलें. त्या प्रदेशाची सारी भातशेती अशाच गाळावर उभी आहे. पूल २०१० सालीं खुला झाला; फेरी बंद पडली, आणि तीरावरील विक्रेत्यांस पोटासाठीं दुसरी वाट धरावी लागली.