शिकारी कुत्र्याचं पिल्लू आणि प्लेटोचे दोन संवाद

मंडळी, गेल्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. ‘प्लेटोच्या शिक्षणविचारात कुत्रा सारखा का डोकावतो?’ प्रश्न गमतीचा वाटला म्हणून आम्ही ती खिशात टाकली. घरी पुस्तकं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं वर्गात शिकवूनही याचं नीट उत्तर आम्ही कधी दिलंच नव्हतं. तर आज विषय पिल्लाचा. तेही शिकारी कुत्र्याच्या पिल्लाचा.

सुरुवात झेनोफॉनपासून करू. प्लेटोसारखाच हाही सॉक्रेटिसच्या सहवासातला, पण पिंड सैनिकाचा आणि शिकाऱ्याचा. शिकारीवर त्याच्या नावाचं एक छोटं पुस्तक आहे. (त्यातला काही भाग त्याचा नसावा, असा वाद पंडितांत आहे. आपण त्यात शिरायला नको.) ससा, जाळी आणि माग काढणारी कुत्री, असा सगळा मामला. तो सांगतो, पिल्लं आईपाशीच वाढू द्या. नावं छोटी ठेवा, हाक मारायला सोपी. पुढे चाळीसहून अधिक नावांची यादीच देतो. त्यात एक नाव आहे ‘थ्युमॉस’. प्लेटोने आत्म्याच्या तेजस्वी, चिडणाऱ्या भागाला जो शब्द वापरला, तोच हा! मादी आठ महिन्यांची आणि नर दहा महिन्यांचा झाला की शिकारीला न्या, पण लांब दोरीला बांधून, माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या मागोमाग. ससा उठला तरी पिल्लाला लगेच सोडायचं नाही. तो दिसेनासा झाला की मग सोडायचं, म्हणजे कोवळं अंग दुखावत नाही. आणि ससा हाती लागला की तो पिल्लांना फाडायला द्यायचा.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात प्लेटो म्हणतो, की मुलांना घोड्यावर बसवून युद्ध बघायला न्यावं आणि धोका नसेल तिथे जवळ नेऊन रक्ताची चव द्यावी, पिल्लांना देतात तशी. आम्ही हा उतारा शिकवताना नेहमी रक्तापाशी थांबायचो. वर्गही तिथेच दचकायचा. पण त्याच्या अगदी आधी काय आहे? मुलांना जबरदस्तीने शिकवू नका, खेळातून शिकवा, म्हणजे कोणाचा कल कुठे आहे ते तुम्हाला दिसेल. दिसेल, म्हणतोय तो. घडेल, असं म्हणत नाही.

‘लॉज’ या उतारवयातल्या संवादात मात्र त्याचा सूर वेगळा आहे. ज्याला पुढे चांगला गवंडी व्हायचंय त्याने लहानपणी घर बांधण्याचा खेळ खेळावा. इथे खेळ ही तालीम झाली. आपल्याकडे भातुकलीबद्दल आजी जे म्हणायची, तेच.

पुढे टिकला तो तालमीचा विचार. १८९६ साली जर्मनीत कार्ल ग्रूसने प्राण्यांच्या खेळावर पुस्तक लिहिलं, आणि त्याचं प्रतिपादन थोडक्यात असं, की बालपण असतंच मुळी खेळून सराव करण्यासाठी. पिल्लू भावंडाच्या मानेला झोंबतं, चिंधी झटकतं, ते पुढच्या शिकारीची तयारी म्हणून. इतकं पटण्यासारखं, की पडताळायला हवं असं पुष्कळ काळ फारसं कोणाला वाटलं नाही. आम्हालाही नाही.

ते पडताळलं गेलं १९७०च्या दशकात. अमेरिकेत व्हिन्सेंट आणि बेकॉफ यांनी कायोटीच्या, म्हणजे कुत्र्याच्या जवळच्या रानटी नातेवाइकाच्या, पिल्लांचं निरीक्षण १९७८ साली छापलं. खेळण्याचा आणि भक्ष्य मारण्यातल्या यशाचा संबंध सापडला नाही. १९८० साली टिम कॅरो यांनी मांजरांवर काम केलं. वस्तूंशी खेळून वाढलेली मांजरं मोठेपणी शिकारीत सरस ठरली नाहीत. आईच्या संगतीत खरं भक्ष्य हाताळलेली मात्र ठरली. म्हणजे झेनोफॉनची लांब दोरी आणि जाणती कुत्री!

मग लहानपणाचा काहीच परिणाम नाही का? आहे, आणि मोठा आहे, पण दुसरीकडे. अमेरिकेतल्या बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर यांनी बीगल, फॉक्स टेरियर वगैरे पाच जातींवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथलाच १९६१चा एक प्रयोग. पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात माणसाविना वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं पुढे रानटी जनावरासारखीच वागली. अशा कुत्र्याचं नाक कितीही तीक्ष्ण असो, शिकाऱ्याला त्याचा काय उपयोग? तीच गोष्ट आवाजाची. पहिल्यांदाच बंदुकीचा बार कानाशी झाला, तर चांगल्या घराण्यातला कुत्राही कायमचा बिचकू शकतो. चाव्याला आवर घालणं पिल्लू भावंडांशी झोंबतानाच शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. मारलेलं पाखरू न चिरडता आणून देणाऱ्या कुत्र्याला हा आवर लागतोच.

पॉइंटर पाळणारे शिकारी एक जुना खेळ करतात. काठीला दोरी, दोरीला पाखराचं पंख, आणि ते पिल्लासमोर गवतात फिरवायचं. पिल्लू धावतं, झेपावतं आणि एका क्षणी पाय उचलून जागच्या जागी थिजतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. जातीतलं जे आहे ते समोर येतं. म्हणून जाणते शिकारी हा खेळ दोन-चारदा करून पंख ठेवून देतात, कारण जास्त खेळवलं तर पिल्लू नाकाऐवजी डोळ्यांवर विसंबायला लागतं.

‘रिपब्लिक’मधला प्लेटो इथे बरोबर ठरतो आणि ‘लॉज’मधला निदान शिकारीपुरता अडचणीत येतो. माणसाच्या मुलांना हे किती लागू करायचं, ते आम्ही सांगणार नाही. भाषा, हत्यारं, गवंड्याची ओळंबी, हे रक्तातून येत नाही, तेव्हा तिथे तालमीला जागा असेलही. पण वर्गात दोन्ही उतारे एकाच दमात, एकच विचार म्हणून शिकवले, ती चूक आमची. ज्यांनी आमच्याच टिपणांवर परीक्षा दिल्या, त्यांतले काही आज समोर बसलेत. त्यांनी ते पान दुरुस्त करून घ्यावं. ‘दिसेल’ या शब्दाखाली रेघ मारा.

चिठ्ठीचं उत्तर राहिलं, ते पुढच्या वेळी. परिचितांशी सौम्य आणि परक्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला प्लेटो ‘तत्त्वज्ञ’ म्हणतो, तिथून सुरू करू.