आधी थांबा, मग उतरा

गेल्या शुक्रवारी रात्री आमचं एक मोठं रिलीज होतं. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. शनिवारी दुपारी मित्राकडे जेवायला गेलो तेव्हा ते चेहऱ्यावर दिसतच असणार. मित्राचे सासरे आले होते. काका मूळचे मालवणकडचे, नौदलातून निवृत्त झालेले, आणि तरुणपणीची बरीच वर्षं त्यांनी जुन्या विक्रांतच्या फ्लाइट डेकवर काढलेली. विमानं ढकलणं, साखळ्यांनी डेकला बांधणं, चाकांना चोक लावणं हे त्यांचं काम. मी माझं रडगाणं गाऊन घेतलं. काकांनी शांतपणे सोलकढीचा घोट घेतला आणि विचारलं, "तुझो सर्व्हर पडलो तर माणूस पाण्यात पडता काय रे?"

नाही पडत. विषय तिथेच संपला :) पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. रविवार मग त्यातच गेला.

विक्रांत मी पाहिलेली आहे. २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २००५ च्या सुमारास आम्ही कॉलेजची पोरं लाँचमधून तिथे गेलो होतो. तेव्हा आमचं सगळं लक्ष विमानांकडे. आता आठवतात ते उभे जिने, डोकं आपटेल अशी लोखंडी दारं आणि एकावेळी जेमतेम एक माणूस जाईल असे बोळ. तेव्हा एकदाही मनात आलं नाही की इथे हजारभर माणसं महिनोन् महिने राहत होती, आणि त्यांच्या डोक्यावर जेट विमानं आदळत होती.

तर आधी थोडा जुना इतिहास. २ ऑगस्ट १९१७ रोजी एडविन डनिंग नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने चालत्या युद्धनौकेवर पहिल्यांदा विमान उतरवलं. जहाजाचं नाव फ्युरियस. विमान थांबवायची यंत्रणा काय, तर डेकवरच्या माणसांनी धावत जाऊन विमानाला लावलेले पट्टे पकडायचे! अक्षरशः हातांनी. पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, पुन्हा उतरताना विमान समुद्रात पडलं आणि डनिंग गेला. नौदल विमानसेवेची सुरुवातच अशी आहे. नंतर जे जे शोध लागले ते सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होते: थांबायचं कसं?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी तीन युक्त्या काढल्या. पहिली, तिरका डेक. आधी विमान जहाजाच्या लांबीला समांतर उतरायचं आणि हुकात तार अडकली नाही तर थेट पुढे उभ्या असलेल्या विमानांवर किंवा अडथळ्याच्या जाळीवर. डेकचा पट्टा थोडा तिरका केला की समोर मोकळा समुद्र. तार चुकली तर पुन्हा उडायचं आणि घिरटी घालून परत यायचं. म्हणून आजही तारेवर उतरणारा पायलट डेकला चाकं टेकताच इंजिनाला पूर्ण जोर देतो. म्हणजे थांबायची वेळ आली की वेग वाढवायचा! दुसरी युक्ती वाफेचा कॅटापल्ट, म्हणजे विमान फेकणारी गलोल. आणि तिसरी आरसा. डेकवर झेंड्यासारखी फळी हलवून पायलटला खुणा करणाऱ्या माणसाऐवजी आरशातला प्रकाशाचा ठिपका. ठिपका दिव्यांच्या रांगेत दिसला की उंची बरोबर, वर-खाली दिसला की चुकतंय. मला विचाराल तर हा जगातला एक सर्वोत्तम यूजर इंटरफेस आहे. वाचायला एक अक्षर नाही!

या तिन्ही गोष्टी आपल्या विक्रांतवर होत्या. खरं तर ती ब्रिटिशांची अर्धवट राहिलेली हर्क्युलस. १९४५ मध्ये पाण्यात सोडलेली आणि युद्ध संपल्यावर काम थांबलेली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. हेच पुढे नौदलप्रमुख झाले. जहाजाची लांबी साधारण २१३ मीटर. विमानतळाच्या धावपट्ट्या किलोमीटरमध्ये मोजतात, हे लक्षात घ्या. शिवाय ही धावपट्टी स्वतः पळते आणि वर-खाली डोलते.

विमानं दोन प्रकारची. सी हॉक हे एका माणसाचं जेट. अलिझे हे पाणबुड्या शोधणारं फ्रेंच विमान, पंख्याचं, तीन जणांचं. हल्ली आपण फोनवर नकाशा उघडून कोपऱ्यावरचं हॉटेल शोधतो. तेव्हाचा पायलट गुडघ्यावर पॅड बांधून, घड्याळ आणि कंपास बघत हिशेब करायचा. जहाज २० नॉटने निघालं आणि आपण दोन तास बाहेर होतो, म्हणजे आपलं "घर" ४० सागरी मैल दूर गेलेलं. शत्रूच्या भीतीने जहाजाने रेडिओ बंद ठेवला असेल तर विचारायचीही सोय नाही. विमानं उडताना आणि उतरताना एक चेतक हेलिकॉप्टर जवळच घिरट्या घालायचं. कशासाठी, तर कोणी पाण्यात पडलाच तर उचलायला. काकांचा प्रश्न कुठून आला ते आता कळलं असेल.

आणि राहणं? जहाज वाफेवर चालणारं, पोटात चार बॉयलर. वातानुकूलन काही भागांपुरतंच. अरबी समुद्रातल्या मे महिन्यात लोखंडी भिंतीला हात लावून बघा! गोडं पाणी जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून बनवायचं, आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. उरेल त्यात माणसांच्या अंघोळी. घरची पत्रं फ्लीट मेल ऑफिस, मुंबई या पत्त्यावर यायची आणि जहाज बंदराला लागलं की गठ्ठ्याने हातात पडायची. काका म्हणाले, मोठ्या मुलीचा जन्म झाल्याचं त्यांना ती बावीस दिवसांची झाल्यावर कळलं. ती मुलगी, म्हणजे मित्राची बायको, तेव्हा पोळ्या वाढत होती. "हे शंभरदा ऐकलंय," ती म्हणाली. पण तिथेच थांबून पुन्हा एकदा ऐकलंन.

१९७१ ची गोष्ट तर इंजिनियर लोकांनी वाचायलाच हवी. युद्धाच्या तोंडावर विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले. चारांपैकी एक बाद. वेग साधारण १६ नॉटपर्यंतच. विमान उडायला समोरून वारा लागतो, जहाजाच्या वेगाचा आणि निसर्गाचा मिळून. जहाज हळू, म्हणजे वारा कमी. आणि हिवाळ्यातल्या बंगालच्या उपसागरात वाराही पडलेला. पण त्याच अवस्थेत ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बझार आणि चित्तगाववर हल्ले केले, आणि अलिझेही उडाली. आमच्याकडे चारातला एक सर्व्हर गेला तर आम्ही रिलीज पुढे ढकलतो. असो.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर आलं आणि सगळं उलटं झालं. हे विमान हवेत जवळजवळ स्थिर उभं राहून सरळ खाली उतरतं. हॅरियरवाल्यांमध्ये एक गंमत सांगतात: उतरून थांबण्यापेक्षा थांबून उतरणं बरं. हुक गेला, तार गेली, गलोल गेली. विक्रांतवर कॅटापल्ट काढून पुढे उतारासारखा स्की-जंप बसवला. १९८७ मध्ये शेवटचं अलिझे विक्रांतवरून उडालं. त्याच वर्षी विराट आली, आणि ती २०१७ पर्यंत चालली.

इथे मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग येतो. २०१३ मध्ये विक्रमादित्य आली, आणि तिच्यावरच्या मिग-२९केबरोबर हुक आणि तारही परत आली! मधली पंचवीसेक वर्षं आपल्या जहाजांवर कोणी तारेवर उतरलंच नव्हतं. ज्यांना येत होतं ते निवृत्त झालेले. ज्याने कोड लिहिला तो कंपनी सोडून गेला आणि डॉक्युमेंटेशन सापडत नाही, ही परिस्थिती आपल्याला चांगलीच माहीत आहे. ते ज्ञान पुन्हा मिळवावं लागलं. पायलट परदेशात शिकून आले, आणि गोव्यात हंसा तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि तारा असलेला नकली डेक बांधला गेला. हात ओले न करता चुका करायची जागा. आपण ज्याला टेस्ट एन्व्हायर्नमेंट म्हणतो ना, तेच.

राहणीमानात तर जमीन-अस्मानाचा फरक पडला. विक्रमादित्यवर १,६०० च्या वर माणसं, आणि महिन्याला सुमारे एक लाख अंडी, २०,००० लिटर दूध आणि १६ टन तांदूळ. २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली, कोचीत बांधलेली नवी विक्रांत २६२ मीटर लांब. तिच्यात बॉयलरऐवजी गॅस टर्बाइन आहेत. १६ खाटांचं रुग्णालय आहे, त्यात सीटी स्कॅनसुद्धा. स्त्री अधिकारी आणि खलाशांसाठी खास केबिन आहेत. २०२० च्या सप्टेंबरात कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंह या दोघी जहाजावरच्या हेलिकॉप्टरांमध्ये काम करण्यासाठी निवडल्या गेल्या, तोवर ते दार बंदच होतं. माझ्या मते या सगळ्या बदलांत हा सर्वांत मोठा.

फोनचं मात्र गमतीदार झालं. पत्रांच्या जागी मोबाइल आले, खलाशी बंदराजवळ आलं की व्हिडिओ कॉल करू लागले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणानंतर नौदलाने युद्धनौकांवर आणि तळांवर स्मार्टफोनला बंदी घातली. म्हणजे तंत्रज्ञान पुढे गेलं आणि घरापासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहिलं.

धोकाही गेलेला नाही. २६ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रमादित्यवरून उडालेलं मिग-२९के अरबी समुद्रात कोसळलं. दोघांपैकी एक पायलट वाचला. दुसरे, कमांडर निशांत सिंह, यांचा मृतदेह ११ दिवसांनी गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सापडला. त्याच वर्षी मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये, त्यांनी लग्नाच्या परवानगीसाठी वरिष्ठांना लिहिलेलं खुसखुशीत पत्र लोकांनी एकमेकांना पाठवलं होतं. मीही तेव्हा हसत हसत पुढे पाठवलं होतं. अपघाताच्या बातमीत तेच नाव दिसलं तेव्हा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

डनिंगपासून त्या दिवसापर्यंत १०३ वर्षं. पट्टे धरून धावणारी माणसं गेली. तारा आल्या, गेल्या, परत आल्या. उपग्रह आले. तरी जहाजावरून विमान उडतं तेव्हा कोणीतरी पाण्याकडे डोळे लावून बसलेलं असतंच.

जुनी विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ पासून दारूखान्याला तुकडे तुकडे करून मोडली गेली. तिचं थोडं लोखंड मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत गेलं, हे ऐकलंच असेल. तिची घंटा मात्र जपून ठेवलेली होती, ती २०२३ मध्ये नव्या विक्रांतला दिली. हे काकांना सांगायला रविवारी संध्याकाळी फोन केला. त्यांना अर्थातच आधीच ठाऊक होतं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आवाज चांगलो आसा तिचो." आणि लगेच, "तू झोपलंस काय रे काल?"

झोपलो होतो, काका. आमच्याकडे कोणी पाण्यात पडलेलं नव्हतं.