लीलावतीची फारसी वाट



इतिहास म्हटला की आपल्यासमोर लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेत तेच विचारले जाते, तेव्हा मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. परंतु राजांप्रमाणे पुस्तकांनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो राजांच्या इतिहासापेक्षा अधिक बोलका असतो. पालक सभांमधून, 'सर, गणित काही आपल्या मुलांचा विषय नाही,' असे उद्गार माझ्या कानांवर वरचेवर येतात. त्यांना उत्तर म्हणून मी आज गणिताच्याच एका पुस्तकाची हकीकत आपणासमोर ठेवीत आहे.

हे पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची 'लीलावती'. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. 1114 चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पुरा केला. 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग, 'बीजगणित' हा दुसरा. पुढील दोन भाग ग्रहांच्या व गोलाच्या गणिताचे आहेत. 'लीलावती'त बेरीज-वजाबाकीपासून व्याज, त्रैराशिक, क्षेत्रफळ असे सारे आहे. आणि उदाहरणे कशी, तर भुंग्यांच्या थव्याची, तळ्यातील कमळाची, सापावर झडप घालणाऱ्या मोराची! रुक्ष विषय रसाळ कसा करावा, हे आम्हा शिक्षकांनी या आठशे वर्षांपूर्वीच्या गुरूकडून जरूर शिकावे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे 1207 चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने तेथे मठ स्थापन केला आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद या लेखात केली. लेख संस्कृत आहे, पण शेवटचा भाग तत्कालीन मराठीत आहे. बाजारातील मालाचा व तेलघाण्यावरील तेलाचा काही वाटा मठाला द्यावा, अशी ती तरतूद. म्हणजे गणिताची ही शाळा राजकृपेबरोबरच व्यापाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या पैशावरही चालत होती. वर्गणी मागावयास दारोदार फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना हे वाचून थोडा धीर येईल, असे वाटते.

त्यानंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी हा ग्रंथ अकबर बादशहाच्या दरबारात पोहोचला. बादशहाने महाभारताचे 'रज्मनामा' या नावाने फारसी भाषांतर करविले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. 'लीलावती'चे काम त्याने अबुल फज्लचा वडील बंधू, कवी फैजी याच्याकडे सोपविले. 1587 मध्ये ते भाषांतर पूर्ण झाले. गणिताच्या पुस्तकासाठी कवीची निवड व्हावी, यातच मूळ ग्रंथाची पारख दिसते. पुढे 1591 मध्ये हाच फैजी बादशहाचा वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारी आला. ज्याचे पुस्तक आपण फारसीत नेले, त्याच्या नातवाचा मठ याच खानदेशात होता, याची त्याला कल्पना असेल का कोण जाणे.

आता मुख्य गोष्ट. लीलावतीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मुलीच्या पत्रिकेत विवाहसुखाचा योग नव्हता. पित्याने मोठ्या गणिताने एक शुभ घटका शोधली. पाण्यावर घटिकापात्र सोडले. वाकून पाहताना मुलीच्या दागिन्यातील मोती आत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. मग दुःखी पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. मराठी घराघरांत आणि वर्गावर्गांत सांगितली जाणारी ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती आपणास प्रथम भेटते फैजीच्या फारसी प्रस्तावनेत! खरी की कल्पित, यावर वाद आहे. मूळ ग्रंथात लीलावतीला घातलेल्या सर्वच हाका मुलीला शोभणाऱ्या नाहीत, म्हणून ती मुलगी असण्याबद्दलही काही अभ्यासकांना शंका आहे. मला त्या वादात शिरावयाचे नाही. एवढे मात्र खरे की, महाराष्ट्राची म्हणून आपण जी कथा सांगतो ती आपल्याकडे फारसीच्या वाटेने आली. येथे 'आमचे' आणि 'त्यांचे' कसे वेगळे काढणार?

या कथेतील एक गोष्ट मला नेहमी खटकते. मुलीच्या हाती गणित आले ते लग्न फिसकटल्यावर, सांत्वन म्हणून. आपल्याकडे अजूनही अनेक घरांतून हाच क्रम चालतो. सातवी-आठवीत गणितात पहिली येणारी मुलगी पुढे वर्गात दिसेनाशी होते. चौकशी केली की 'स्थळ आले आहे' असे उत्तर मिळते. बाबांनो, मोती पडण्याची वाट कशाला पाहता?

'बीजगणिता'ची वाटही अशीच मनोरंजक आहे. शाहजहानच्या कारकीर्दीत, 1634-35 च्या सुमारास, अताउल्ला रशीदी याने त्याचे फारसी भाषांतर केले. ताजमहालाचा शिल्पकार मानला जाणारा उस्ताद अहमद लाहोरी याचा हा मुलगा. 1813 मध्ये एडवर्ड स्ट्रॅचीने 'बीजगणित' इंग्रजीत आणले ते संस्कृतवरून नव्हे, या फारसी भाषांतरावरून. 'लीलावती'चे जॉन टेलरकृत इंग्रजी भाषांतर 1816 मध्ये आपल्या मुंबईतच छापले गेले. मराठी वाचकांसाठी ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' 1971 मध्ये निघाले; मुलांनी ते ग्रंथालयातून अवश्य मागून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आपली सहल छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, गेली की बीबी का मकबरा पाहणे होतेच. बहुतेकजण घुमटाकडे पाहत आत धावतात. तुम्ही मुख्य दरवाजापाशी क्षणभर थांबा. तेथील लेखात बांधणाऱ्यांची दोन नावे आहेत, शिल्पकार अताउल्ला आणि त्याच्यासोबत काम करणारा स्थापत्यतज्ज्ञ हंसपत राय. हा अताउल्ला म्हणजे उस्ताद अहमदचा मुलगा, आपला बीजगणिताचा भाषांतरकारच, असे मानले जाते.